मला चालेल

गेले चार महिने आमच्या घरात एकाच घराबद्दल बोलणं चाललंय, आणि ते आम्ही राहतो ते घर नाही. दापोली तालुक्यातल्या एका वाडीतलं जुनं चिऱ्याचं घर. अर्धं कौलांचं आणि अर्धं पत्र्याचं. पत्र्याचं का, तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मागची पाखी वाशांसकट उडाली, आणि पाऊस डोक्यावर आलेला असल्यामुळे मालकांनी हाताला लागले ते पत्रे टाकले. ते अजून तसेच आहेत. भोवती १४ गुंठ्यांचं आगर. त्यातल्या सुपाऱ्याही त्याच दिवशी आडव्या झाल्या. नंतर लावलेल्या आता कुठे डोक्याच्या वर गेल्यात.

नातेवाइकांपैकी अर्ध्यांना हे ठाऊक आहे, कारण आमच्या सासूबाईंना फोनवर गुपित ठेवता येत नाही. :) उरलेल्यांसाठी हे लिहितेय. आणि ज्यांनी "घेऊन टाका हो, जमीन कधी वाया जात नाही" असं सांगितलं, त्यांच्यासाठी तर खासच.

तर, जानेवारीत आम्ही ते घर बघायला गेलो. जानेवारीत कोकणातलं कुठलंही घर सुंदरच दिसतं म्हणा. ताम्हिणीतून उतरलो, माणगाव, मंडणगड करत पाचेक तासांनी पोचलो. पाखाडी उतरून खाली गेलं की गडगा, त्याच्या आत अंगण, तुळशीवृंदावन, पडवी, ओटी, काळोखं माजघर. नवरा ओटीवर गेला आणि एका खांबाला हात लावून उभा राहिला. बोलला काहीच नाही. पण बावीस वर्षं संसार केल्यावर माणसाची पाठ वाचता येते. मला त्याच क्षणी कळलं, की हा आता हे घर बघत नाहीये.

त्याच्या आजीचं घर गुहागरकडे होतं. तिच्यामागे कुणी राहिलं नाही, आणि ते हळूहळू बसत गेलं. शेवटी चौकट आणि खांब कुणीतरी येऊन जुन्या लाकडाच्या भावात घेऊन गेलं. तेव्हा हा कॉलेजात होता. त्या चौकटीचे किती पैसे आले हे त्याला अजून आठवतं, आणि तो आकडा तो कुणालाही सांगत नाही.

मी मात्र वर बघत होते. वासे किंजळीचे, पण निम्म्यांना हात लावला की पीठ पडत होतं. शेजारचे काका बरोबर आले होते. ते म्हणाले, "ताई, धूर बंद झाला ना, की घर गेलं." मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. रोज चूल पेटायची तेव्हा तिचा धूर माळ्यावरून, कौलांच्या फटींतून बाहेर जायचा. लाकूड काळं व्हायचं, पण कोरडं राहायचं आणि किडीला ते रुचायचं नाही. माणसं मुंबईला गेली, चूल थंडावली, आणि पाच-सात वर्षांत वाळवीनं वरपर्यंत मजल मारली. शिवाय माकडं कौलं सरकवतात. एक कौल सरकलं आणि ते नीट करायला कुणी नसलं, की एका पावसाळ्यात त्याखालची भिंत जाते. इकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. पुण्याच्या चार-पाचपट. भिंत मातीत बांधलेली असेल तर तिनं तरी किती धरून ठेवायचं?

काका बोलून गेले आणि माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. हे घर दुरुस्त करून संपणारं नाहीच. कुणीतरी जुलैत तिथे असायला हवं, नाहीतर दर वर्षी ते पहिल्यापासून दुरुस्त करावं लागेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते ज्याचं त्यालाच निस्तरावं लागतं. सातबारा आता घरबसल्या ऑनलाइन दिसतो, तो काढला. अकरा नावं. त्यातली दोन माणसं हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. एक भाऊ बडोद्याला, तो सही करतो म्हणतो पण करत नाही. बहिणींचं कुणी विचारातच घेतलं नव्हतं. "त्या काही मागायच्या नाहीत," असं विकणाऱ्यांनी आम्हाला अगदी सहज सांगितलं. वकीलबाई हसल्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांएवढाच (महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच तसा कायदा होता), तेव्हा त्या मागोत न मागोत, सही किंवा हक्कसोडपत्र हवंच. "जमीन वाया जात नाही" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जमीन जात नाही कुठेच, आपण मात्र तालुक्याच्या फेऱ्या मारत म्हातारे होतो.

आता खरा मुद्दा. म्हणजे भांडण.

मी हिशेब मांडला. घराचे २८ लाख मागतायत. छप्पर उतरवणं, नवे वासे-रीपा, कौलं धुऊन परत चढवणं, वायरिंग, संडास-न्हाणीघर, विहिरीचा गाळ काढणं, सगळं धरून गवंड्यानं १७ सांगितले. (म्हणजे वीस धरायचे. पण तरी १७ च धरले.) झाले ४५ लाख. आमच्या दोघांच्या रजा, लेकाच्या परीक्षा, सासऱ्यांचे गुडघे हे सगळं बघता वर्षाला अठरा दिवस जाणं होईल. दहा वर्षांत १८० दिवस. म्हणजे एका दिवसाचे २५ हजार रुपये. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, एवढ्यात समुद्रासमोरची चांगली खोली मिळेल, आणि सकाळी केर मला काढावा लागणार नाही.

तो कागदाकडे बघत म्हणाला, "अठरा दिवस का? आपण तिथे राहायला जातोय ना."

मी गप्पच झाले. चार महिन्यांतले दोन महिने आम्ही एकाच घराबद्दल बोलत होतो, आणि त्याच्या मनात ते घर राहायचं होतं, माझ्या मनात सुट्टीचं. त्यानं कधी स्पष्ट सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं ते उघड आहे. मी कधी विचारलं नाही, कारण जानेवारीत परत येताना गाडीत त्यानं "मग?" म्हटलं, तेव्हा मी म्हणाले होते, "मला चालेल."

हा 'चालेल' शब्द मराठी संसारातून काही वर्षांसाठी हद्दपार करावा असं माझं स्पष्ट मत झालंय. त्यात होकारही नाही आणि नकारही नाही. दुसऱ्याला वाटतं आपली संमती मिळाली. आपल्याला वाटतं आपण मोठेपणा दाखवला. बिल येतं ते फार नंतर. २००९ मध्ये शहराबाहेर मोठा फ्लॅट घ्यायचा का असं विचारल्यावर मी 'चालेल' म्हटलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं रोजचे दोन तास रस्त्यावर काढले. त्यातले निदान पाच हजार टोमणे ह्याला ऐकावे लागले असतील. मी नोकरी सोडते म्हटलं तेव्हा तोही 'चालेल'च म्हणाला, आणि मग भत्त्यासाठी दोन वर्षं नागपूरला बदली घेऊन एकटा राहिला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्यानंही मला विचारलं नव्हतं. आम्ही दोघं फार समजूतदार जोडपं आहोत असं लोक म्हणतात!

ते साधं भाड्याचं घर असतं तर चाललंही असतं. जुनं घर मात्र हातपाय मागतं. फ्लॅट घेताना दोघांतल्या एकाचं मन नसलं तरी लिफ्ट चालू राहते. इथे एकाचं मन नसलं तर पहिल्या पावसात कौल सरकतं, आणि मग कोण जाणार यावरून पाच तासांचा अबोला. शिवाय "होमस्टे करू" हे उत्तर प्रत्येकाच्या ओठावर तयार असतं. होमस्टे म्हणजे दुसऱ्यांच्या चादरी धुणे. त्या कोण धुणार हे मला हे सुचवणाऱ्या एकाही पुरुषानं अजून सांगितलेलं नाही. (भाऊजी, तुम्ही वाचताय ना?)

तर आम्ही एका रविवारी काय केलं, दोन कागद घेतले आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसलो. त्या घरातला एक साधा दिवस लिहायचा. सण नाही, पाहुणे नाहीत, जुलैतला मंगळवार.

माझ्या कागदावर ओले कपडे होते. वीज गेलेली. रेंज नाही. माझं अकाउंट्सचं काम पाठवायचं राहिलेलं. आणि तो. २०२२ मध्ये त्याची अँजिओप्लास्टी झाली. मी लिहिलं होतं की रात्री त्याच्या छातीत दुखलं, तालुक्याचं गाव १८ किलोमीटर, त्यापुढे मोठं इस्पितळ गाठायचं तर चिपळूणकडे, आणि मला घाटात रात्रीची गाडी चालवता येत नाही.

त्याच्या कागदावर तो पडवीत बसून पाऊस बघत होता. मग कुदळ घेऊन पन्हळ मोकळी करत होता. आणि खाली लिहिलं होतं, "इस्पितळातून घरी आलो तेव्हा पहिल्यांदा मोजलं की हाती किती वर्षं असतील. तुला सांगितलं नाही. त्यातली थोडी मला अशी हवीत."

हे वाचून मी काय करायचं होतं? एकाच गोष्टीची मला भीती होती, आणि त्याच गोष्टीमुळे त्याला जायचं होतं. गवंड्याच्या अंदाजपत्रकात हे कुठे येणार!

त्या दिवशी आम्ही खूप बोललो. थोडं रडून झालं. मग व्यवहाराचंही बोललो, तेही सांगते, कारण बायका ते सांगत नाहीत. आगर म्हणजे शेतजमीन. १९४८ च्या कूळकायद्यानुसार ती घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. ह्याचं नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे, त्याला दाखला मिळेल. माझ्या माहेरी जमीनच नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, खरेदीखत ह्याच्या नावावर करणं सोपं, तुमचं नाव घालायचं तर वेगळे कागद लागतील आणि वेळ जाईल. पैशांत माझा पीएफ जाणार आहे. मी म्हटलं, जाऊ दे वेळ. ते माझं नाव घातल्याशिवाय इसार द्यायचा नाही. हे बोलताना मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. तो म्हणाला, "हे तू जानेवारीतच म्हणायला हवं होतंस." खरंच की.

घर घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. बडोद्याची सहीही अजून आलेली नाही. पण त्याच वाडीत काकांच्या घरामागच्या दोन खोल्या जून ते सप्टेंबर भाड्यानं घेतल्यात. मी लॅपटॉप आणि डोंगल घेऊन जाणार, रेंज पाखाडीच्या वरच्या टोकाला येते म्हणे. तो महिन्यातले दहा दिवस घरून काम मागून घेणार. डॉक्टरांना विचारलंय, त्यांनी गोळ्यांची यादी आणि जवळच्या एका डॉक्टरांचा नंबर दिलाय. सध्या मी रोज रात्री सिंहगडच्या घाटात गाडी शिकतेय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायची असं तो शेजारी बसून सांगतो, आणि दर वळणावर दाराचं हँडल घट्ट धरतो.

पंधरा जूनला निघतोय.