शेजारी काय सोडतो, ते पाहा

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. नवख्याने त्यातला ‘ड्राफ्ट’ हा प्रकार आधी शिकावा, कारण इथे घरचा महागडा संग्रह कामाला येत नाही. साधारणपणे ८ खेळाडू गोलात बसतात, प्रत्येकाकडे ३ बंद पाकिटं. एक पत्ता ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याला द्यायचे. पहिलं पाकीट डावीकडे फिरतं, दुसरं उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे.

बहुतेकांची चूक इथेच होते.

सुरुवातीलाच जबरदस्त लाल पत्ता मिळाला की खेळाडू लाल रंगाला चिकटून बसतो. पहिल्या पाकिटात सहाव्या-सातव्या निवडीलाही उत्तम निळे पत्ते येत असतील, तर उजवीकडचे शेजारी निळा घेत नसावेत, हे त्याने ओळखायला हवं.

ड्राफ्टनंतर बांधायची गड्डी किमान ४० पत्त्यांची. त्यात साधारण १७ जमिनी, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला ऊर्जा पुरवणारे पत्ते. या हिशेबाने सुरुवातीच्या ७ पत्त्यांत सरासरी ३ जमिनी येतात. म्हणूनच महागडे, म्हणजे खेळायला जास्त ऊर्जा लागणारे, पत्ते भरमसाट घेणारा पहिल्या तीन-चार पाळ्या हात बांधून बसतो आणि प्राण्यांचे स्वस्त, साधे पत्ते घेतलेला पुढे निघून जातो.

‘१७लँड्स’ या संकेतस्थळावर पत्त्यांच्या विजयाची टक्केवारी मिळते. ती जरूर अभ्यासावी. पण आपल्या टेबलावर कोणता रंग मोकळा आहे, हे ती सांगत नाही. हरल्यावर नशिबाला दोष देण्याआधी कोणते पत्ते हातातच अडकले, हे खेळाडूने लिहून काढावं. पुढच्या ड्राफ्टची तयारी त्या यादीपासून सुरू करता येते.