तंबाखू उत्पादकांना अनुदान: पिकासाठी की पीक सोडण्यासाठी?

तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने आर्थिक साहाय्य द्यावे की नाही, हा वाद जुना आहे. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याचा इशारा छापायचा आणि त्याच पानाच्या लागवडीला आधारही द्यायचा, ही विसंगती अनेक देशांनी वर्षानुवर्षे जोपासली. तिच्यातून बाहेर पडण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेने केला. त्याचा ताळेबंद भारतालाही विचार करायला लावणारा आहे.

अमेरिकेत 1938 पासून तंबाखूचे पीक कोट्याने बांधलेले होते आणि कोट्यातील मालाला आधारभावाचे संरक्षण होते. 2004 मध्ये ही व्यवस्था मोडीत काढण्याचा कायदा झाला. मोबदला म्हणून कोटाधारकांना पौंडामागे 7 डॉलर आणि प्रत्यक्ष पीक घेणाऱ्यांना 3 डॉलर, असे 10 वर्षांत सुमारे 10 अब्ज डॉलर देण्याचे ठरले. हा बोजा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांचे उत्पादक आणि आयातदार यांच्यावर टाकण्यात आला.

पैसे घेणाऱ्याने तंबाखू सोडलीच पाहिजे, अशी अट मात्र नव्हती. 2002 मध्ये तंबाखू घेणारी सुमारे 57 हजार शेते होती. 2012 मध्ये ती 10 हजारांवर आली. त्याच काळात पिकाखालील क्षेत्र केवळ सुमारे पाचव्या हिश्श्याने घटले. लहान शेतकरी बाहेर पडले, टिकून राहिलेल्यांची शेते विस्तारली. युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. 1970 पासून दिले जाणारे अनुदान 2004 च्या निर्णयानुसार टप्प्याटप्प्याने उत्पादनापासून तोडण्यात आले आणि 2010 पासून हा संबंध पूर्णपणे संपला.

भारतातील चित्र निराळे आहे. येथे खरा आधार रोख रकमेपेक्षा बाजारव्यवस्थेचा आहे. 1976 मध्ये स्थापन झालेल्या, गुंटूर येथील तंबाखू मंडळाकडे आंध्र प्रदेश व कर्नाटकातील व्हर्जिनिया तंबाखूच्या उत्पादकांची नोंदणी होते आणि माल मंडळाच्या लिलावात विकला जातो. विडीच्या तंबाखूला हे छत्र नाही. रास्त भावासाठी 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत झालेले आंदोलन याच उणिवेतून उभे राहिले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने 2004 मध्ये मान्यता दिली. उत्पादकांना परवडणारे पर्याय मिळवून देण्यास चालना देणे, हे त्या करारातील एक कलम आहे. 2015-16 पासून केंद्राच्या पीक विविधीकरण कार्यक्रमात महाराष्ट्रासह 10 तंबाखू उत्पादक राज्यांचा समावेश झाला. पर्यायी पिकांची प्रात्यक्षिके, अवजारे व प्रशिक्षण यांसाठी त्यातून साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली.

परंतु बियाणे आणि अवजारे मिळाल्याने प्रश्न सुटत नाही. शेतकरी पीक निवडताना माल कोण घेणार आणि कोणत्या भावाने घेणार, हे आधी पाहतो. व्हर्जिनिया तंबाखूच्या बाबतीत लिलावगृह ठरलेले असते. भाजीपाल्याला किंवा मिरचीला तशी शाश्वती नसते. पान भाजण्याच्या भट्टीत गुंतलेले भांडवलही सहज मोकळे होत नाही.

तंबाखूखालील जमीन खरोखरच कमी करायची असेल, तर मदतीला पीकबदलाची अट हवी आणि त्या अटीसोबत खरेदीची हमीही हवी. यांपैकी एकच गोष्ट केली, तर सरकारचा पैसा खर्च होईल, पण शिवारातील पीक बदलणार नाही.