चित्रीकरण तालुक्यात, अर्ज गावोगाव

टाकळी हाजीजवळचे कुकडीतले रांजणखळगे, मोराची चिंचोली, दौंडचे रेल्वे जंक्शन, भीमाकाठचा ऊसपट्टा. शिरूर-दौंड परिसरात चित्रपटवाल्यांना हवे ते बरेच आहे. सोपा नाही तो परवानगीचा रस्ता. राज्याची एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीतील महामंडळ चालवते. पण इथे कॅमेरा लावायचा तर ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, महसूल खाते यांचे उंबरे झिजवणे आलेच. दौंड स्थानकावरचा प्रसंग टिपायचा, तर अर्ज मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्यालयाकडे.

सर्वांत मासलेवाईक कथा बैलांची. ग्रामीण चित्रपट बैलजोडीशिवाय सहसा होत नाही, आणि तिला पडद्यावर आणायचे तर २००१च्या नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. बैल शिरूरचा, मंडळ हरियाणातल्या बल्लभगडला! नियम योग्यच आहे; मुक्या जनावराचे हाल कॅमेऱ्यासाठी होता कामा नयेत. मात्र मोठी निर्मिती संस्था या कागदपत्रांसाठी वेगळा माणूस ठेवते, तर गावातली पोरे सरपंचांच्या तोंडी होकारावर लघुपट उरकतात. मग कुणी तक्रार केली की काम बंद. ड्रोन उडवणाऱ्यांचे तर विचारूच नका.

पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी शिरूर आणि दौंड तहसील कार्यालयांत चित्रीकरणासाठी एकेक समन्वयक नेमावा, शुल्काचा तक्ता दर्शनी भागात लावावा आणि विद्यार्थ्यांच्या लघुपटांना अनामत रकमेत सवलत द्यावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.