आडनाव बुडतं, म्हणजे नक्की काय होतं?

नव्या ऑफिसातला पहिला आठवडा. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं माझं आडनाव वाचून शेजारच्या टेबलावरच्या इराणी सहकारी बाईंनी विचारलं, ‘दबीर? तुमच्या घरात कुणी शिक्षक होतं का?’ मी म्हटलं, ‘दबीर नाही, डबीर. मी महाराष्ट्रातला. बाबा बँकेत होते.’ ‘द’ आणि ‘ड’ यांतला फरक त्यांना काही केल्या ऐकू येईना. पण त्यांनी सांगितलं, की आजच्या फारसीत हायस्कूलच्या शिक्षकाला ‘दबीर’ म्हणतात, हायस्कूलला ‘दबीरेस्तान’ आणि एखाद्या संघटनेच्या सचिवालाही ‘दबीर’च.

कॅलिफोर्नियात येऊन मला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या आडनावाचा उच्चार कसा करायचा, एवढंच लोक विचारत आले. त्याचा अर्थ विचारणाऱ्या नव्हे, सांगणाऱ्या या पहिल्याच.

योगायोग असा, की त्याच शनिवारी बाबांचा फोन आला. त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर कुणीतरी एका संकेतस्थळाचा दुवा टाकला होता. आपलं आडनाव टाइप करायचं, की ते जगात किती जणांचं आहे ते समोर येतं. बाबांनी अर्थातच आमचं टाकून पाहिलं. ‘अरे, फार थोडे आहोत आपण,’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘आणि तुला एकच मुलगी.’

बाबा जुन्या वळणाचे आहेत, पण नातीवर जीव टाकतात. बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं. ‘नाव बुडेल’ ही भीती आपल्याकडे किती खोलवर बसली आहे, हे तेव्हा जाणवलं. म्हणून ठरवलं, की आधी हे नाव आलं कुठून ते पाहायचं, मग ते बुडतं कसं ते.

‘डबीर’ हे मुळात आडनाव नाहीच, ते एक पद आहे. दख्खनच्या सुलतानांच्या कारभाराची भाषा फारसी होती. तिथून फडणीस, चिटणीस, पारसनीस, मुजुमदार ही नावं आली, तसंच डबीर. परराज्यांशी होणारा पत्रव्यवहार आणि बोलणी पाहणारा अधिकारी म्हणजे डबीर. शहाजीराजांनी बाल शिवाजीराजांसोबत पुण्याला जी माणसं पाठवली, त्यांत बखरी सोनोपंत डबीर यांचं नाव घेतात. १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा मागे राहून मोगलांच्या हाती सापडलेल्यांत त्र्यंबक सोनदेव डबीर होते. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि फारसी पदांना संस्कृत नावं मिळाली. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, आणि डबीरांचे सुमंत. ते पद रामचंद्र त्रिंबकांकडे होतं. पुढे राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लोकांच्या तोंडचं नाव काही फर्मानाने बदलत नाही. पद सुमंत झालं, तरी डबीर हे आडनाव उरलं ते आजतागायत.

खरी गंमत याच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. इराणच्या सासानी साम्राज्यात लेखनिकाला ‘दिबीर’ म्हणत. त्याच्या मुळाशी आहे प्राचीन फारसीतला ‘दिपी’ हा शब्द. दिपी म्हणजे लेख. हा ‘दिपी’ आला एलाम देशातून, तिथे तो आला अक्कदी भाषेतल्या ‘तुप्पु’वरून, आणि त्याच्याही मागे सुमेरी ‘दुब’. दुब म्हणजे मातीची पाटी, जिच्यावर माणूस पहिल्यांदा हिशेब लिहायला शिकला ती. हाच ‘दिपी’ पूर्वेकडेही आला. सम्राट अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात ‘धर्मलेख’ या अर्थाने येणाऱ्या शब्दात ‘दिपि’ आहे आणि इतर ठिकाणच्या लेखांत ‘लिपि’. म्हणजे आपण रोज वापरतो तो ‘लिपी’ हा शब्द आणि माझं आडनाव ही एकमेकांची दूरची भावंडं! इकडे आर्मेनियन भाषेत याच मुळापासून शाळेला ‘द्प्रोत्स’ म्हणतात. आणि लखनऊच्या ज्या मिर्झा सलामत अली यांनी एकोणिसाव्या शतकात करबल्यावरची शोककाव्यं लिहिली, त्यांचं टोपणनावही ‘दबीर’च होतं.

हे सगळं कळल्यावर मला पहिली गोष्ट वाटली ती म्हणजे थोडीशी लाज. इथल्या मराठी मंडळात नवा माणूस भेटला, की तिसरा प्रश्न आडनावाचा असतो आणि चौथा ‘म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?’ या चौथ्या प्रश्नामागे नेमकं काय चाचपलं जातं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मीही अशा वेळी आग्र्याचा किस्सा ऐटीत सांगितला आहे. प्रत्यक्षात त्या डबीरांशी आमचं नातं दाखवणारा एक कागद आमच्या घरात नाही. पदाचं नाव लावणारी घराणी अनेक असू शकतात. नाना फडणवीसांचं आडनाव तर भानू होतं, काम फडणिशीचं आणि इतिहासात राहिलं ते कामाचं नाव. ज्या शब्दाचा प्रवास मातीच्या पाटीपासून मराठी दरबारापर्यंत इतक्या भाषांतून झाला, त्याच्या आधारे कुणी कुळाच्या शुद्धतेच्या गप्पा माराव्यात, याइतकी विनोदी गोष्ट नाही.

आता बाबांच्या त्या आकड्याकडे येतो. तो आकडा मी इथे मुद्दामच देत नाही. माझा व्यवसायच माहितीच्या साठ्यांशी झगडण्याचा आहे, म्हणून सांगतो: अशी संकेतस्थळं माणसं मोजत नाहीत, अक्षरं मोजतात. भारताच्या जनगणनेत आडनावांचे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे आपल्याकडचे आकडे हे इकडून-तिकडून जमवलेल्या, बहुधा रोमन लिपीतल्या याद्यांवरचे अंदाज असतात. रोमन लिपीत ‘ड’ आणि ‘द’ एकच. तेव्हा सातारचा डबीर, तेहरानचा दबीर आणि ज्याचं पहिलं नाव चुकून आडनावाच्या रकान्यात पडलं असा ढाक्याचा कुणी दबीर, हे सगळे एकाच ढिगात. उलट एकाच घरातल्या दोन भावांनी पासपोर्टवर वेगवेगळं स्पेलिंग लिहिलं असेल, तर ते दोन वेगळ्या आडनावांचे! म्हणजे तो आकडा एकाच वेळी फुगलेलाही आहे आणि घटलेलाही.

अमेरिकेचं जनगणना खातं हे काम जास्त शिस्तीने करतं. २०१० च्या जनगणनेनंतर त्यांनी आडनावांची यादी जाहीर केली. किमान शंभर जणांचं असेल तेच आडनाव त्यात आहे आणि तरीही यादी १,६२,२५३ आडनावांची आहे. पहिला क्रमांक स्मिथचा, २४,४२,९७७ जण. आपल्या ओळखीचं पटेल २,२९,९७३ जणांसह ९५ वं. शंभराच्या आत असलेली आडनावं गोपनीयतेसाठी गाळली जातात. देशोदेशीची माणसं इथे आपापली आडनावं घेऊन आली, म्हणून अशी एकटी-दुकटी नावं लाखोंनी आहेत. तेव्हा दुर्मीळ असणं ही इथे फार दुर्मीळ गोष्ट नाही.

मग नावं बुडतात कशी? हा प्रश्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये जाहीरपणे विचारला होता. नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी होतात, याचं कारण त्यांचा ऱ्हास की निव्वळ योगायोग, असा त्याचा प्रश्न. हेन्री वॉटसन या धर्मगुरू गणितज्ञाने उत्तर शोधलं आणि १८७४ मध्ये दोघांनी ते मिळून मांडलं. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मुद्दा टिकला. आज याच पद्धतीने आण्विक साखळी-प्रक्रिया आणि साथीचे रोग यांचंही गणित मांडलं जातं.

ते गणित घरगुती भाषेत सांगतो. समजा, प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं, आणि मुलगा की मुलगी हे नाणेफेकीसारखं. आडनाव फक्त मुलगा पुढे नेणार. एका माणसापासून सुरुवात केली, तर पहिल्याच पिढीत नाव थांबण्याची शक्यता २५ टक्के. तीन पिढ्यांत ती सुमारे ४८ टक्के होते, पाच पिढ्यांत ६० टक्के. पुढे जात राहिलात, तर बुडणं अटळच. लक्षात घ्या, या गणितात माणसं कमी झालेली नाहीत. पिढीगणिक सरासरी तेवढीच माणसं आहेत. काही आडनावं फुगतात आणि बाकीची संपतात, एवढंच.

आता फक्त एक नियम बदला: आडनाव मुलगीही पुढे नेऊ शकते. त्याच दोन-दोन मुलांच्या हिशेबात बुडण्याची शक्यता शून्य होते. म्हणजे ज्याला आपण ‘वंश बुडाला’ म्हणतो, तो बहुतेक वेळा माणसांचा अंत नसतोच. आपण निम्मी माणसं मोजायची नाहीत असं आधीच ठरवलेलं असतं, त्याचा तो परिणाम असतो. आमच्या धंद्यात याला चुकीची अट लावल्यामुळे आलेलं चुकीचं उत्तर म्हणतात. दोष आकड्यांत नसतो, प्रश्नात असतो.

यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे. पहिला: मुलीने लग्नानंतर आडनाव बदललं तर? बदलू दे, तिचा प्रश्न. पण तिने बदललंच पाहिजे असं गृहीत धरून आपण आधीच सुतक का पाळायचं? माझ्या पत्नीने तिचं माहेरचं आडनाव ठेवलं आहे आणि घरात त्यावरून कधी भांडण झालेलं नाही. दुसरा आक्षेप: दोघांची आडनावं लावत गेलो, तर पुढे शेपूट वाढत जाईल. आमच्या गल्लीतली निम्मी घरं मेक्सिकन आहेत. त्यांच्याकडे वडिलांचं एक आणि आईचं एक, अशी दोन आडनावं परंपरेने असतात. पुढच्या पिढीत दोन्ही बाजूंचं एकेक उचललं जातं, शेपूट वाढत नाही. तिसरा: ही सगळी परदेशात राहणाऱ्यांची खुळं. तसंही नाही. महाराष्ट्र सरकारनेच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नाव लिहिण्याचा क्रम ठरवला आहे: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आई कागदावर आली. आडनावाच्या रकान्यापर्यंत पोचायला तिला अजून वेळ आहे, पण दार उघडलं आहे.

पुढच्या शनिवारी मी हे सगळं बाबांना सांगितलं. लिपी आणि डबीर भावंडं आहेत, हे ऐकून ते भलतेच खूश झाले. गणित त्यांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी घरातल्या वंशावळीचा फोटो पाठवला. आजोबांनी शाईने लिहिलेली, सात पिढ्यांची. मी मोठी करून पाहिली. नावंच नावं, सगळी पुरुषांची. आत्या कुठेच नाही.

आत्या आयुष्यभर तालुक्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत होती. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आजही बाबांना रस्त्यात थांबवून तिची चौकशी करतात. आमच्या सात पिढ्यांत त्या शब्दाला खऱ्या अर्थाने जागलेलं माणूस एकच, आणि तेच नेमकं झाडावर नाही. सहकारी बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. होय, आमच्या घरात शिक्षक होतं.

मी बाबांना एवढंच लिहिलं, ‘यात आत्याचं नाव घालायचं राहिलंय.’ बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. संध्याकाळी दुसरा फोटो आला. आजोबांच्या शाईशेजारी बाबांचं बॉलपेन. आत्या, तिची दोन मुलं, बाबांच्या दोन चुलत बहिणी आणि सगळ्यात खाली, जागा नसल्यामुळे आडवं लिहिलेलं, माझ्या मुलीचं नाव.

तुमच्याही घरात अशी एखादी वंशावळ असेल. संकेतस्थळावर आपण किती उरलो ते शोधण्याआधी ती एकदा काढून पाहा. त्यात कोण कोण लिहायचं राहिलं आहे, ते सांगणारी माणसं अजून फोनवर भेटतात, तोवरच हे काम होण्यासारखं आहे.