‘पाय घसरून पडली’

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ ठरला, तेव्हा वाडे, चाळी, गावाकडची ओसरी आणि पुनर्विकासात गेलेल्या इमारती यांवर लेख येणार हे उघड होतं. ते आले आणि उत्तम आले. मला मात्र वर्षभर सलत राहिली ती केसपेपरवरची एक ओळ : ‘घरात पाय घसरून पडल्याने दुखापत.’

पाय घसरला तर मनगट मोडतं, कंबर दुखावते. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उठत नाहीत, कानाचा पडदा फाटत नाही. तपासणाऱ्याला हे कळतं. तरी ओळ तीच लिहिली जाते, कारण सोबत आलेल्या सासूने किंवा नवऱ्याने तसं सांगितलेलं असतं आणि बाहेर रांग असते.

ऐंशीच्या दशकात सुना जळायच्या आणि कारण म्हणून स्टोव्हचा भडका सांगितला जायचा. त्या काळात नारी समता मंचाने सासरी संशयास्पद मृत्यू झालेल्या तरुणीच्या नावाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मांडलं, १९८३ साली नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेला शिक्षा देणारं कलम ४९८-अ आलं. तो संताप खराच होता, पण तो मरणाभोवती होता आणि आजही तिथेच अडकला आहे. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याजवळ एका सुनेचा जीव गेला, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. जी मरत नाही, वीस-वीस वर्षं नांदते, तिच्या शरीराचं काय होतं, हे कोण विचारतं?

तिचं डोकं दुखतं, पाठ दुखते, अंगावरून पांढरं जातं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. तिला वेदनाशामक मिळतात, बी-कॉम्प्लेक्स मिळतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं आणि भांडण झालं की उपाशी निजायचं, हे चालू असताना रक्त वाढणार कुठून? तांबी बसवायची तर घरचे नाही म्हणतात. गरोदरपणीही हात थांबत नाही. जोडीदाराकडून हिंसा होणाऱ्या स्त्रियांत नैराश्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट असतं आणि त्यांचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यताही वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच मांडलं आहे. आपल्याच देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं.

माहेरीसुद्धा नाही. भाऊबीजेला आलेल्या लेकीच्या पाठीला तेल लावताना आईला काय दिसत नाही? ती बघते, गप्प राहते, आणि चौथ्या दिवशी फराळाचे डबे देऊन लेकीला परत पाठवते. आपल्या सणांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे लिहिताना राग येतो.

पोलीस ठाण्यात जायला तिला कुणी उंबरा ओलांडू देत नाही. दवाखान्यात मात्र जाऊ देतात, कारण आजारी बाई घरकामाला निरुपयोगी. नेमकी हीच फट ओळखून २००० साली मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. बाई पोटदुखीसाठी आली तरी तिथे तिच्याशी एकटीशी बोलणारं माणूस असतं. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं झाली. तालुक्याच्या ठिकाणी, वाडी-वस्तीवर काय? तिथे आशाताईंना सगळं ठाऊक असतं, पण त्या त्याच वाडीत नांदत असतात. त्यांच्यावर भार टाकून आपण मोकळं होणं मला पटत नाही.

कायदा डॉक्टरच्या बाजूने आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार हिंसेने जखमी झालेल्या बाईला उपचार नाकारता येत नाहीत. कौटुंबिक घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल, तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणं हे रुग्णालयाचं काम आहे, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तिला फुकट मिळायला हवी. हा नियम किती दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेला दिसतो?

आमच्या वाचकांत डॉक्टर, परिचारिका पुष्कळ आहेत. माझं मागणं त्यांच्याकडे आहे. मधुमेह आहे का, हे विचारता तसंच हेही विचारा. सोबतच्या माणसाला औषधं आणायला पाठवा, दार लोटा आणि विचारा, ‘ताई, घरी कुणी मारतं का?’ पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. १८१ हा मदतीचा क्रमांक तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तोच कागद तिच्या कामी येईल. आणि तो कागद घरी न्यायचा की दवाखान्यातच ठेवायचा, हे तिलाच ठरवू द्या.