इंग्रजीची पायवाट : कानाने द्यायची परीक्षा



काटोल तालुक्यातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी नर्सिंगची पदवी घेऊन दोन वर्षे नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी करते. तिला आता इंग्लंडला जायचे आहे. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिने एकदा दिली. बाकीच्या भागांत ती पार पडली, पण ऐकण्याच्या भागात अडली. आता रामदासपेठेत तीन महिन्यांचा क्लास लावते म्हणते. भगिनी विचारतात, "आंबिया बहाराचा पैसा हाताशी आहे. तो क्लासला घालू की बोअरच्या मोटारीला? आणि पोरीला इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, मग ऐकायलाच का येत नाही?"

या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घेऊ. त्याचे उत्तर सापडले की पहिल्याचे आपसूक सापडेल.

रामदासपेठ ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीताबर्डीपासून ही वस्ती जवळच आहे. दवाखाने इथे, शिकवण्यांच्या पाट्या इथे आणि विद्यापीठाचे ग्रंथालयही इथेच. खेड्यातला माणूस या पेठेत येतो तो बहुधा दोनच कारणांनी : घरात कोणी आजारी आहे म्हणून, नाही तर घरात कोणी शिकते आहे म्हणून. दोन्ही वेळा पैसे मोजताना हात जड होतो. म्हणून काय विकत घ्यायचे आणि काय घरी करायचे, हे आधी ठरवलेले बरे.

परीक्षेचे नाव आयईएलटीएस. आपल्याकडे मुले तिला 'आयेल्ट्स' म्हणतात. १९८९ पासून ती या नावाने घेतली जाते. ऐकण्याच्या भागात ४ तुकडे आणि ४० प्रश्न असतात. सुमारे ३० मिनिटे आवाज चालतो, आणि प्रत्येक तुकडा एकदाच ऐकवतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. इंग्लंडचे परिचारिका मंडळ ऐकण्यात ७ ही श्रेणी मागते. ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर आली की ७ मिळतात. म्हणजे दहा चुकली तरी चालते! हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसते. एक उत्तर निसटले की ती त्याच्याच मागे धावतात आणि पुढची तीन घालवतात. वखर चालवताना एक धसकट राहिले म्हणून कोणी बैल मागे फिरवत नाही. निसटले ते सोडा, पुढच्यावर कान ठेवा.

आता मराठी कानाची अडचण पाहू. मराठीत आपण बहुतेक अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजी माणूस मोठे शब्द ठासून म्हणतो आणि बारके शब्द गिळतो. शिवाय परीक्षा काढणारा मुद्दाम फसवणूक पेरून ठेवतो. ती कशी ओळखायची ते काही प्रश्न सोडवूनच पाहू. वाक्ये देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचा.

पहिला प्रश्न. "द मीटिंग वॉज ऑन मंडे, बट द डॉक्टर इज अवे, सो वुई हॅव मूव्हड इट टू वेन्सडे." सभा कधी? घाईचा मुलगा 'मंडे' ऐकतो आणि लिहून मोकळा होतो. बरोबर उत्तर वेन्सडे. कळमन्याच्या बाजारात सोयाबीनची बोली चव्वेचाळीसशेवरून सुरू होते म्हणून कोणी तो भाव धरत नाही. शेवटची बोली खरी. इथेही तसेच. 'बट', 'अॅक्चुअली', 'सॉरी', 'इन्स्टेड' यांपैकी शब्द आला की समजावे, आधीचा भाव मोडला, नवा येत आहे.

दुसरा प्रश्न. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी'? पंधरा म्हणताना जोर शेवटच्या 'टीन'वर असतो आणि तो लांबतो. पन्नास म्हणताना जोर सुरुवातीच्या 'फिफ्'वर असतो आणि 'टी' आखूड राहतो. पण पाठोपाठ दुसरा शब्द आला, उदाहरणार्थ "फिफ्टीन बॅग्ज", की पंधराचाही जोर पुढे सरकतो. अशा वेळी शेवटच्या 'न'वर कान ठेवा. थर्टीन-थर्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी यांचेही असेच.

तिसरा प्रश्न. "शी कॅन वॉक" आणि "शी कान्ट वॉक". पहिल्यात 'कॅन' इतका आखडतो की 'कन' एवढेच ऐकू येते. दुसऱ्यात 'कान्ट' पुरता ठसठशीत येतो, मात्र शेवटचा 'ट' कित्येकदा गिळला जातो. 'ट' शोधत बसलात तर फसाल. शब्द भरीव ऐकू आला तर बहुधा नकार आहे, आखडलेला ऐकू आला तर होकार आहे, हा ठोकताळा धरा.

चौथा प्रश्न मराठी माणसासाठी सर्वांत घातक. परिचारिका रोग्याला विचारते, "यू डिडन्ट टेक द टॅब्लेट, डिड यू?" गोळी घेतली नसेल तर आपण मराठीत म्हणू, "हो, नाही घेतली." आपले 'हो' विचारणाऱ्याच्या बोलण्याला असते. इंग्रजीत 'यस' किंवा 'नो' हे घडलेल्या गोष्टीला असते. गोळी घेतली नसेल तर "नो, आय डिडन्ट." रोगी नुसता "नो" म्हणाला तर त्याचा अर्थ, गोळी घेतलेली नाही.

इथे जरा थांबून विचार करा. पंधरा मिलिग्रॅमचे पन्नास ऐकले, किंवा न घेतलेली गोळी घेतली असे समजले, तर काय होईल? ज्या आजीबाईंच्या उशाशी ही मुलगी उद्या उभी राहणार, त्यांचा जीव तिच्या कानावर आहे. तेव्हा हा भाग उगीच अडवण्यासाठी ठेवलेला नाही. तो कसाबसा पार पाडायचा नाही, तयार करायचा.

आता व्याकरणाकडे वळू. मुलांना वाटते, व्याकरण वेगळे आणि ऐकणे वेगळे. तसे नाही. पुढे काय येणार हे व्याकरण कानाला आधीच सांगून ठेवते.

पाचवा प्रश्न. "शी हॅज बीन इन पेन ... थ्री डेज." गाळलेल्या जागी 'सिन्स' की 'फॉर'? आपण "तीन दिवसांपासून" म्हणतो आणि "सोमवारपासून" असेही म्हणतो. दोन्हीकडे 'पासून' आहे, म्हणून गोंधळ होतो. असे लक्षात ठेवा : 'सिन्स' म्हणजे खुंटा आणि 'फॉर' म्हणजे दाव्याची लांबी. सोमवार, सकाळ, २०२० हे खुंटे, त्यांना 'सिन्स'. तीन दिवस, दोन तास, पाच वर्षे ही लांबी, तिला 'फॉर'. इथे उत्तर 'फॉर'. आणखी एक गोष्ट. मराठीत आपण "दुखते आहे" असे वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून मुले "शी इज इन पेन फॉर थ्री डेज" लिहितात. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅज बीन' लागते.

सहावा प्रश्न. "यू विल नॉट गेट वेल अनलेस यू डू नॉट टेक धिस मेडिसिन." चूक कोठे आहे? 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' आहे. पुन्हा 'डू नॉट' घातले तर औषध न घेतल्यानेच बरे वाटेल असा उलटा अर्थ होतो! बरोबर वाक्य : "अनलेस यू टेक धिस मेडिसिन."

सातवा प्रश्न. "देअर आर फ्यू बेड्स" आणि "देअर आर अ फ्यू बेड्स". पहिल्याचा अर्थ खाटा जवळजवळ नाहीतच. दुसऱ्याचा अर्थ थोड्या आहेत, सोय होईल. सगळा फरक एका 'अ'चा, आणि बोलताना तो 'अ' पुसटसा येतो. पुढचे वाक्य "सॉरी" म्हणते की "डोन्ट वरी" म्हणते, यावरून अर्थ पक्का करावा.

परीक्षेत प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. तेवढ्यात रिकाम्या जागेकडे पाहा. आधी 'अ' असेल तर एकवचन येणार, 'टू' किंवा 'मेनी' असेल तर अनेकवचन, म्हणजे शेवटचा 'स' सोडायचा नाही. "दोनपेक्षा अधिक शब्द नकोत" असे लिहिले असेल तर तिसरा शब्द लिहिल्याने उत्तर जाते. स्पेलिंग चुकले तरी उत्तर जाते. कान उघडण्याआधी डोळ्यांनी एवढे काम केलेले असावे.

आता भगिनींच्या पैशाच्या प्रश्नाकडे येऊ. ऐकणे ही सवय आहे आणि सवय फी भरून मिळत नाही. ती रोज अर्ध्या तासाने होते. आमचा सल्ला असा :

चार आठवडे घरीच करा. आकाशवाणीच्या बातम्या आधी मराठीत ऐकाव्यात आणि मग इंग्रजीत. बातमी काय हे ठाऊक असले की कान शब्द पकडायला मोकळा होतो. पुढे बीबीसीच्या इंग्रजी बातम्या घ्याव्यात, म्हणजे इंग्लंडच्या बोलण्याची सवय होते. परीक्षा घेणाऱ्या संस्था संकेतस्थळावर नमुन्याचे प्रश्न फुकट देतात. दर रविवारी त्यातील ४० प्रश्न सोडवावेत. आईने मोबाइल आपल्या हाती ठेवावा. एकदाच वाजवावा, मुलीने कितीही विनवले तरी दुसऱ्यांदा वाजवू नये. याला इंग्रजी यावे लागत नाही, मन घट्ट असावे लागते. बरोबर आलेल्या उत्तरांचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा.

चार रविवारी आकडा चढत चढत २६-२७ वर आला, तर क्लासची गरज नाही. आणखी महिनाभर असेच करून परीक्षेचा दिवस ठरवा. तो विशीतच अडकून राहिला तर रामदासपेठेत अवश्य जा. पण बैलाचे दात पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. तसे तीन प्रश्न विचारा : एका तुकडीत मुले किती? दर आठवड्याला घड्याळ लावून पूर्ण परीक्षा घेता का? चुकलेले उत्तर का चुकले हे शेजारी बसून सांगता का? एक दिवस बसून पाहा, आणि सगळी फी एकदम भरू नका. हमखास श्रेणी देतो किंवा पेपर आधी मिळवून देतो असे कोणी म्हणाला, तर त्याच्या पायऱ्या दुसऱ्यांदा चढू नका.

आणखी एक. परिचारिका मंडळ काही अटींवर दोन वेळच्या परीक्षांचे गुण एकत्र धरते. मुलीचे बाकीचे भाग निघाले आहेत, तेव्हा त्या अटी मंडळाच्या संकेतस्थळावर तिने स्वतः वाचाव्यात. आरोग्य क्षेत्रातील लोकांसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षा आहे, तीही मंडळाला चालते. मोटारीचे म्हणाल, तर महिनाभर निकाल लागेपर्यंत पैसा पोस्टात राहू द्या. पाण्याची निकड असेल तर मोटार आधी घ्या, कारण हा महिना अभ्यासाला पैसा लागणारच नाही.

बाकी वाचकांनीही हे दूरचे समजू नये. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीलाही भाषेच्या १०० पैकी २० गुण लेखी पेपराबाहेरचे असतात. २०१९ मध्ये ते काढले तेव्हा राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला, आणि पुढच्या वर्षी ते परत आणावे लागले. तेव्हा शाळकरी मुलांनी आजपासूनच कानाला वळण लावावे.

घरचा अभ्यास. एकाने वाचावे, दुसऱ्याने एकदाच ऐकून उत्तर द्यावे.

१) "द बस लीव्हज अॅट नाइन, सॉरी, नाइन थर्टी." बस किती वाजता?
२) "आय हॅव लिव्हड हिअर ... २०१५." सिन्स की फॉर?
३) "हॅव्हन्ट यू ईटन?" जेवलेला नाहीस. 'यस' की 'नो'?
४) "वन ऑफ माय ब्रदर्स ... अ फार्मर." इज की आर?

उत्तरे : १) साडेनऊ. २) सिन्स, कारण २०१५ हा खुंटा आहे. ३) नो. ४) इज, कारण भाऊ अनेक असले तरी शेतकरी त्यांतला एकच.