परदेशातला पगार सगळे मोजतात, संध्याकाळ कोण मोजणार?



"सर, ४ वर्षं बाहेर राहतो, भांडवल जमवतो आणि परत येऊन स्वतःचं काहीतरी सुरू करतो."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचा पुढे काय विचारणार तेही माहीत असतं. किती पैसे साठवू? कुठे गुंतवू? परत आल्यावर कोणता धंदा चालेल? प्रश्न चांगलेच आहेत, आणि त्यावर आपण बोलतोच. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ऑफिस सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळाचं काय करू?

माझं मत स्पष्ट सांगतो. ४ वर्षांनी परत येऊन तुम्ही धंदा उभा करू शकाल की नाही, हे पगारापेक्षा तुमच्या फुरसतीवर जास्त ठरतं. पगार कंपनी ठरवते. संध्याकाळ तुम्ही ठरवता. आणि धंद्यात उतरल्यावर सगळा दिवसच तुम्हाला ठरवायचा असतो.

आधी हिशोब करू

उदाहरणासाठी नेदरलँड्स घेऊ. आपली बरीच मराठी मुलं आयटीत तिकडे आहेत, कुणी ॲम्स्टरडॅमजवळ तर कुणी आइंडहोव्हनला. असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. वय २७, एकटा, आठवड्याला ४० तासांची नोकरी.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ काढा. नोकरीचे ४०. जाण्यायेण्याचे ७. स्वयंपाक, भांडी, कपडे, बाजारहाट याचे दिवसाला ३ धरले तर २१. उरले किती? ४४ तास. म्हणजे नोकरीपेक्षा जास्त! ४ वर्षांचे आठवडे होतात २०८. गुणाकार केला तर ९,००० तासांच्या वर जातो. वर्षाच्या सुट्ट्या यात धरलेल्याच नाहीत. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला तिथल्या कायद्याने वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा असते, आणि वार्षिक पगाराच्या किमान ८ टक्के सुट्टीभत्ता वेगळा मिळतो.

आता गंमत बघा. गावाकडे हे ४४ तास कधी दिसतच नाहीत. मामांना स्टेशनवर सोडायचंय, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न आहे, गणपतीची वर्गणी आहे, कट्ट्यावर मित्र आहेत. वेळ आपोआप भरतो. परदेशात दार वाजवायलाच कुणी नसतं. मग ४४ तास कुठे जातात? बहुतेकांचे मोबाइलमध्ये जातात. आणि वर्षाच्या शेवटी पोरगा म्हणतो, "वेळच मिळाला नाही."

हिवाळ्यात हे जास्त जाणवतं. डिसेंबरमध्ये ॲम्स्टरडॅमला साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. जूनमध्ये रात्री १० पर्यंत उजेड असतो. त्याच माणसाला, त्याच पगारात, दोन ऋतूंत दोन वेगळी आयुष्यं मिळतात. घरची आठवण, एकटेपणा, ऑफिसमधला ताण हे सगळं त्या अंधाऱ्या संध्याकाळी वर येतं. "जाऊ दे, कशाला हवाय धंदा, नोकरी बरी आहे" हा निर्णय अशाच एखाद्या संध्याकाळी, थकलेल्या डोक्याने घेतला जातो. तो निर्णय चूक आहे असं मी म्हणत नाही. पण थकव्याने घेतलेला निर्णय आणि विचाराने घेतलेला निर्णय यात फरक आहे.

सायकल कशाला मध्ये आणली?

कारण तिथे ती हाताशी आहे. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. युट्रेक्ट शहरात मुख्य रेल्वे स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे. २०१९ मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा सायकलींसाठीचा जगातला सर्वांत मोठा तळ म्हणून त्याचं नाव झालं.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, "मुलांचे बळी थांबवा" म्हणून चळवळ झाली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि सरकारला काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर हळूहळू स्वतंत्र सायकलमार्ग होत गेले. मागणी, तुटवडा, मग सातत्याने केलेली गुंतवणूक. धंद्यात यापेक्षा वेगळं काय असतं?

आपल्या त्या मुलासाठी हिशोब सोपा आहे. जुनी सायकल घ्यायची आणि कुलूप चांगलं घ्यायचं, कारण सायकलचोरी तिथेही आहे. समजा बस-ट्रेनचे महिन्याला ८० युरो वाचले, तर ४ वर्षांत ३,८४० युरो होतात. वाईट नाही. पण मी सायकलीची बाजू पैशांसाठी घेत नाहीये. ती तीन गोष्टी शिकवते, आणि तिन्ही दुकानाच्या गल्ल्यावर उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट: पुढचा आकडा

बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये फिरायला जाणाऱ्या सायकलवाल्यांसाठी एक फार साधी व्यवस्था आहे. मार्ग जिथे एकमेकांना मिळतात, त्या प्रत्येक ठिकाणाला एक आकडा दिलेला असतो. समजा तुम्ही १४ वर उभे आहात. तिथली पाटी फक्त शेजारचे आकडे कुठल्या दिशेला आहेत ते दाखवते. ३७ डावीकडे, ५२ सरळ. बस! घरून निघताना चिठ्ठीवर १४, ३७, ५२, ६१ असं लिहायचं आणि हँडलला चिकटवायचं. गावांची अवघड नावं पाठ करायला नकोत, नकाशा सारखा उघडायला नको. ही कल्पना बेल्जियममधल्या ह्यूगो बोलेन नावाच्या खाण-अभियंत्याची. १९९५ मध्ये लिम्बुर्ग प्रांतात ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आली आणि पुढे नेदरलँड्सभर पसरली.

आता तुमचं ध्येय बघा. "परत जाऊन फूड प्रोसेसिंगचं युनिट टाकणार." हे शेवटचं गाव झालं. तुमचा पुढचा आकडा कोणता? या महिन्यात काय? बहुतेकांकडे शेवटचं गाव असतं, पुढचा आकडा नसतो. म्हणून ते हलतच नाहीत.

पुढचा आकडा असा हवा: "३१ तारखेपर्यंत गावातल्या तीन जणांशी फोनवर बोलून हळद कोणत्या भावाने जाते ते वहीत लिहिणार." किंवा "पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर फूड लायसन्ससाठी काय काय लागतं त्याची यादी करणार." एवढंच. ३७ वर पोचलात की ५२ ची पाटी दिसते. घरात बसून ती दिसत नाही.

दुसरी गोष्ट: सायकलवरून बाजार दिसतो

ट्रेनमधून स्टेशनं दिसतात. सायकलवरून दुकानं दिसतात. कुठे गर्दी आहे, कुणी दुकानाबाहेर काय मांडलंय, शेतकरी रस्त्याच्या कडेला टेबल टाकून अंडी आणि बटाटे कसे विकतो, हे १५ किलोमीटरच्या वेगाने नीट बघता येतं.

आणि सायकलीच्याच धंद्यातली दोन उदाहरणं बघा. २०१४ मध्ये डेल्फ्टमधल्या काही विद्यार्थ्यांनी 'स्वॅपफीट्स' सुरू केलं. कल्पना काय? विद्यार्थ्याला सायकल हवी असते, तिची दुरुस्ती नको असते. महिन्याला ठरावीक रक्कम भरा, सायकल वापरा, बिघडली तर आम्ही दुरुस्त करू नाहीतर बदलून देऊ. पुढच्या चाकाला निळा टायर, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक सायकल ही फुकटची जाहिरात.

दुसरीकडे 'व्हॅनमूफ'. २००९ मध्ये दोन भावांनी ॲम्स्टरडॅममध्ये सुरू केलेली कंपनी. देखणी इलेक्ट्रिक सायकल, जगभर नाव, मोठे गुंतवणूकदार. पण सुटे भाग त्यांचे स्वतःचे खास. कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात दुरुस्ती अवघड, आणि वॉरंटीतल्या दुरुस्त्यांचा खर्च वाढत गेला. जुलै २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नंतर नव्या मालकाकडे गेली.

एकाने दुरुस्तीलाच धंदा केलं, दुसऱ्याला दुरुस्ती जड गेली. माल विकल्यानंतरचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न मिक्सर विकणाऱ्यालाही आहे आणि केक विकणारीलाही. हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं, त्यापेक्षा स्वतःची चेन तुटल्यावर जास्त कळतं.

तिसरी गोष्ट: वारा समोरचाच असतो

नेदरलँड्स सपाट आहे, चढ जवळजवळ नाहीत. मग कष्ट कसले? वाऱ्याचे. २०१३ पासून तिथे चक्क समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते. समुद्रावरच्या एका मोठ्या बांधावर, साडेआठ किलोमीटर, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर. तारीख आधी ठरत नाही. वादळ येणार असं दिसलं की मग जाहीर करतात!

यातून घ्यायचं ते एवढंच, की समोरून वारा आला म्हणून कुणी रस्ता बदलत नाही. वेग कमी करतात, मान खाली घालतात, पण पाय चालू ठेवतात. हिवाळ्यात तुमचा आकडा छोटा करा. ४० किलोमीटरऐवजी ८ करा. महिन्याला तीन फोनऐवजी एक करा. शून्य मात्र करू नका.

आता माझ्याच क्षेत्रातल्या लोकांशी थोडं भांडण

आमच्यातले बरेच प्रशिक्षक सांगतात की रिकामा प्रत्येक तास कमाईला लावा. सायकल चालवताय? चॅनल काढा. फोटो काढताय? विका. मला हे पटत नाही.

४४ तासांपैकी १० तास ध्येयाला द्या. खरोखर द्या, वहीत लिहून द्या. पण आठवड्यातली एक सायकलफेरी अशी ठेवा की जिच्यातून एक रुपयाही मिळवायचा नाही, एकही फोटो टाकायचा नाही. कारण सांगतो. नोकरीत कुणीतरी म्हणतं, "६ वाजले, घरी जा." स्वतःच्या धंद्यात असं म्हणणारं कुणी नसतं. आपल्याकडे एकट्याच्या जिवावर चाललेली दुकानं, वर्कशॉप, खानावळी किती आहेत! मालक आडवा पडला की शटर खाली. थांबायची सवय धंदा सुरू करायच्या आधी लावून घ्यावी लागते. नंतर लागत नाही, नंतर डॉक्टर लावतो.

"सर, सगळ्यांना असं जमतं का?"

नाही जमत, आणि ते मान्य करायला हवं. आखातात कंपनीच्या कॅम्पवर राहणाऱ्या, ओव्हरटाइम करून घरी पैसे पाठवणाऱ्या भावाकडे ४४ तास नसतात. उन्हाळ्यात तिथे दुपारी बाहेर पाय ठेवणंही कठीण. त्याच्याकडे आठवड्याला ४ तास असतील तर ४ तासांचा हिशोब करावा. सायकलच हवी असंही नाही. चालणं चालेल, पोहणं चालेल. आणि व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून नोकरीसोबत जोडधंदा करायच्या आधी तो चालतो का हे लेखी तपासा. शिकायला, फोन करायला, हिशोब मांडायला मात्र कुठलाही व्हिसा आड येत नाही.

दुसरी शंका, मोठी स्वप्नं बघू नयेत का? बघा की! पुण्याची वेदांगी कुलकर्णी इंग्लंडमध्ये बोर्नमथला शिकत असताना २०१८ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाली. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. तेव्हा ती अवघी २० वर्षांची. भागाकार करून बघा, दिवसाला १८० किलोमीटरच्या आसपास येतात. २९,००० हा आकडा छाती दडपवतो. १८० अवघड आहे, पण तो एका दिवसाचा आकडा आहे. मोठं ध्येय असंच पेलतं.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. सात दिवस रोज रात्री दोन ओळी लिहा: आज रिकामे तास किती मिळाले आणि ते कुठे गेले. खोटं लिहू नका, वही तुमचीच आहे. आठव्या दिवशी बेरीज करा. मग तीन ओळी लिहा: शरीरासाठी पुढचा आकडा, पैशासाठी पुढचा आकडा, धंद्याच्या शिक्षणासाठी पुढचा आकडा. प्रत्येकासमोर तारीख टाका आणि चिठ्ठी रोज दिसेल अशा जागी चिकटवा.

तुम्ही आइंडहोव्हनला असा, दुबईला असा नाहीतर बारामतीला, बेरीज करून बघाच. आणि तुमचे तास किती निघाले ते मला नक्की कळवा. बघू, कुणाचा आकडा किती येतो!